चांगला रिमार्क गावाला वाचून दाखवा

सीमाभागातल्या मराठी शाळेची बातमी येते ती बहुतेक वेळा वाईटच असते. पट घटला, शिक्षक नाहीत, छत गळतंय, दोन वर्ग एका खोलीत बसतात. या बातम्या खऱ्या असतात आणि त्या छापून आल्याच पाहिजेत. पण बेळगाव तालुक्यात, खानापुरात, निपाणी-चिकोडीच्या खेड्यांत दर महिन्याला कुठे ना कुठे अंगणवाडीची तपासणी होते. त्यातल्या काही अंगणवाड्यांना फार चांगला शेरा मिळतो. तो व्हिजिट बुकात कन्नडमध्ये लिहिला जातो, खाली सही होते आणि वही परत कपाटात जाते. जिचं पोर तिथे रोज जातं त्या आईला त्यातलं अक्षरही कळत नाही.

हा शेरा गावाचा आहे. तो गावाला, गावाच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखवला पाहिजे. शिवाय तपासणीला आलेल्या माणसाने सगळ्यात आधी हे पाहिलं पाहिजे की मूल तोंड उघडून बोलतं का, आणि ते त्याच्या घरच्या भाषेत विचारून पाहिलं पाहिजे. सीमाभागातल्या मराठी शाळांचं पुढचं भवितव्य यावर बऱ्याच अंशी ठरणार आहे असं मला मनापासून वाटतं. पहिलीचा पट जूनमध्ये मोजतात, पण तो ठरतो त्याच्या तीन वर्षं आधी, आई मुलाचा हात धरून अंगणवाडीकडे वळते की गावाबाहेर थांबलेल्या खाजगी नर्सरीच्या पिवळ्या व्हॅनकडे, तिथे.

आजोबांच्या पिढीत, बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा, दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार म्हटलं की शाळा सारवून निघायची. पोरांना धुतलेले कपडे घालून यायला सांगायचे, मास्तर आदल्या दिवशी पाढे घोटून घ्यायचे. दिपोटी घोड्यावरून किंवा बैलगाडीतून यायचे, पाटील त्यांची उतरायची सोय बघायचे. त्यात भीती होतीच, पण एक गोष्ट चांगली होती: तपासणी झाली हे अख्ख्या गावाला माहीत असायचं. दिपोटींनी काय म्हटलं हे संध्याकाळी चावडीवर बोललं जायचं. आज भीती आहे ती टीचरच्या एकटीच्या पोटात, आणि चावडीवर कुणालाच काही माहीत नाही.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावी ओळखीच्या अंगणवाडी टीचरकडे गेलो असताना सुपरवायझरची व्हिजिट जवळून पाहायला मिळाली. पाऊस असा की कौलांवरच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. सुपरवायझर मॅडम जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, घरची भाषा कन्नड, मराठी मोडकं-तोडकं पण समजण्यापुरतं. आल्या आल्या त्यांनी रजिस्टरं मागितली नाहीत. चप्पल बाहेर काढली, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि सरळ सतरंजीवर पोरांच्यात बसल्या. पोरांपुढे चिंचोके, फणसाच्या आठळ्या आणि नदीतले गोटे यांचे ढीग होते. टीचरनी ते वेगवेगळे करायला दिले होते. मॅडमनी एका चार वर्षांच्या मुलीला कन्नडमध्ये रंग विचारला. मुलगी खाली मान घालून गप्प. दुसऱ्यांदा विचारला, तरी गप्प. टीचरचा चेहरा उतरला. मग मॅडमनी मराठीत विचारलं, “आई कुठं गेली?” मुलगी म्हणाली, “आई रोप लावाय गेलीया.” मॅडम गप्प राहून तिच्याकडे बघत राहिल्या. मुलगी पुढे बोलू लागली. चिखलात पाय जातो, मग निघत नाही, आजी ओढून काढते, आणि काल बांधावर खेकडा होता तो आजीने धरला, पण तिला धरू दिला नाही. सलग पाच-सहा वाक्यं. शेजारच्या पोराने मध्येच सांगितलं की खेकडा आमच्या बांधावरचा होता, आणि त्यावर भांडण लागलं.

मॅडमनी त्यानंतर वजनं पाहिली, दूध पावडरीचा साठा पाहिला, शिजवलेला आहार चाखला, मोबाईलमधल्या नोंदी तपासल्या. शेवटी व्हिजिट बुकात अर्धं पान लिहिलं. त्या गेल्यावर टीचरनी ते मला मराठीत सांगितलं: मुलं मोकळेपणी बोलतात, वर्गीकरण करतात, एकमेकांचं ऐकतात, टीचर स्थानिक वस्तू वापरून शिकवतात, काम समाधानकारक. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. बारा-चौदा वर्षांच्या नोकरीत कुणी असं लिहिलं नव्हतं, असं म्हणाल्या. मी विचारलं, आता हे पालकांना सांगणार ना? त्या म्हणाल्या, “ते वरचं असतंय हो. पालकांना काय करायचंय?”

मला ते फार लागलं. त्या मुलीची आई त्या क्षणी गुडघाभर चिखलात वाकून रोप लावत होती. आपली लेक एका सरकारी अधिकाऱ्यापुढे न घाबरता पाच वाक्यं बोलली आणि ते चांगलं म्हणून लिहिलं गेलं, हे तिला कळायलाच हवं होतं. कळलं असतं तर ‘अंगणवाडीत काय, नुसता भात खाऊन झोपवतात’ हे वाक्य तिने पुन्हा म्हटलं नसतं. हे वाक्य आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, आणि त्याच वाक्याच्या जोरावर खाजगी नर्सरीच्या व्हॅन भरतात.

अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात आहे, पन्नास वर्षं होऊन गेली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणी, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि शाळापूर्व शिक्षण अशी सहा कामं तिच्याकडे आली. पहिल्या पाच कामांचं मोजमाप सोपं आहे. वजनकाटा आहे, वाढीच्या तक्त्यावर रंगांचे पट्टे आहेत, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत याचं प्रमाण आहे. कर्नाटकात २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेतून दूध मिळतं, अंडंही मिळतं. २०२१ पासून पोषण ट्रॅकर या मोबाईल अॅपवर हे सगळं भरावं लागतं. या तपासणीला कमी लेखून चालणार नाही. धोक्याच्या पट्ट्यातलं मूल वेळेत सापडणं म्हणजे त्याचा जीव वाचणं आहे, आणि भुकेलं मूल शिकत नाही.

पण सहाव्या कामाचं काय? शाळापूर्व शिक्षण चालतं की नाही हे रजिस्टरात दिसत नाही. ‘आज गाणं घेतलं, गोष्ट घेतली’ अशी नोंद दोन मिनिटांत होते. एका सुपरवायझरकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात त्यातल्या काही ओढ्यापलीकडे. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात बस वेळेवर मिळाली तर नशीब. त्या बाईला एका ठिकाणी तास-दीड तास मिळतो, आणि त्यात वरून आलेल्या फॉर्मचे सगळे रकाने भरायचे असतात. मग ती रजिस्टर बघणार की पोरांशी बोलणार? मी पाहिलेल्या मॅडम पोरांशी बोलल्या ते त्यांच्या स्वतःच्या समजुतीने. फॉर्मने त्यांना ते करायला लावलं नव्हतं. चांगल्या माणसाच्या समजुतीवर सोडलेली गोष्ट दुसऱ्या अंगणवाडीत होईलच असं नाही, म्हणून ती तपासणीच्या नियमातच यायला हवी.

यात मी नवीन काही मागत नाही. पायाभूत स्तरासाठी २०२२ साली आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने स्पष्ट म्हटलं आहे की या वयात लेखी चाचण्या नकोत. मुलाचं निरीक्षण करून, त्याच्याशी बोलून काय शिकलं ते समजून घ्यावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एक सलग टप्पा मानला आणि निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं सांगितलं. कर्नाटकाचं या धोरणाशी पटलेलं नाही हे खरं. पण मातृभाषेच्या मुद्द्यावर कर्नाटक सरकार स्वतः किती लढलं आहे ते बेळगावातल्या कुणाला सांगायला नको. १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधून शिकवावं असं या सरकारने ठरवलं, आणि तो मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ६ मे २०१४ रोजी निकाल विरोधात गेला, पालकांवर माध्यम लादता येणार नाही असं न्यायालयाने म्हटलं. तरी सरकारची बाजू काय होती? लहान मूल घरच्या भाषेत उत्तम शिकतं, हीच. जे सरकार हे वीस वर्षं न्यायालयात मांडत राहिलं, त्याने कडोलीच्या, येळ्ळूरच्या, बेळगुंदीच्या तीन वर्षांच्या मुलाला मराठीत प्रश्न विचारायची सोय तपासणीच्या फॉर्मवर करणं हे त्याच्या स्वतःच्या म्हणण्याला धरूनच होईल.

घटनेचा आधारही जुना आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने, म्हणजे ज्या वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्याच वर्षी, कलम ३५०-अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा असं ते सांगतं. त्याच दुरुस्तीने ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला गेला. त्यांचं एक विभागीय कार्यालय बरीच वर्षं बेळगावातच होतं. त्यांच्याकडे आपण कित्येक निवेदनं दिली. सातबाऱ्याचे उतारे मराठीत द्या, नोटिसा मराठीत द्या, पाट्या मराठीत लावा. सगळ्या मागण्या रास्त. पण त्या यादीत अंगणवाडीचा तपासणी अहवाल मराठीत द्या ही मागणी मी कधी वाचलेली नाही. जवळजवळ सत्तर वर्षांच्या लढ्यात तीन वर्षांचं मूल आपल्या नजरेतून सुटलं, हे आपण मान्य करायला हवं.

इंग्लंडमध्ये या वयाची वेगळी शाळाच असते. तिला इन्फन्ट स्कूल म्हणतात, साधारण चार ते सात वर्षांची मुलं तिथे जातात. १९९२ साली तिथे ऑफस्टेड ही तपासणी यंत्रणा उभी राहिली. तिचा प्रत्येक अहवाल कुणालाही वाचता येतो, आणि शाळेने तो पालकांना द्यावाच लागतो. शाळेचा अहवाल चांगला आला की गावच्या वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी येते. मुख्याध्यापिका सांगतात कशाचं कौतुक झालं: मुलं वाचतात कशी, एकमेकांशी वागतात कशी, लाजरी मुलं बोलती झाली का. लहान वयाच्या तिथल्या अभ्यासक्रमात तीन गोष्टी सगळ्यांच्या आधी येतात आणि त्यात संवाद व भाषा ही एक आहे. दुसऱ्या दोन म्हणजे शरीराची वाढ, आणि मनाची व माणसांत मिसळण्याची वाढ. अक्षरओळख आणि अंक नंतर. ज्या इंग्रजीच्या ओढीने आपण साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन कॅपिटल लेटर गिरवायला लावतो, त्या इंग्रजीच्या माहेरी आधी मुलाचं बोलणं बघतात.

तिथलं सगळंच उचलावं असं मात्र नाही. ऑफस्टेड शाळेला एका शब्दात निकाल द्यायचं: उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. जानेवारी २०२३ मध्ये एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने, शाळेचा दर्जा वरच्या पायरीवरून एकदम तळाला आणल्यानंतर, आत्महत्या केली. त्या मृत्यूला तपासणीचा हातभार लागला असा निष्कर्ष त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या चौकशीत निघाला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी हा एका शब्दाचा निकाल बंद झाला. आपल्याकडे अंगणवाड्यांना ए, बी, सी ग्रेड देऊन पंचायतीच्या भिंतीवर यादी लावायची टूम कुणी काढलीच तर मी तिच्या विरोधात उभा राहीन. अंगणवाडी टीचर त्याच गावची असते, तिला त्याच गल्लीत राहायचं असतं. वाईट ग्रेड आली तर त्याचं पाणी कुणाच्या तरी घरगुती भांडणात मुरणार हे कोणीही सांगेल. म्हणून अहवाल वाक्यांत असावा. काय चांगलं चाललंय, काय कमी आहे, आणि कमी आहे त्याला कोण जबाबदार आहे. छत गळत असेल तर ते टीचरच्या नावावर लागू नये.

टीचरांचीही बाजू ऐकली पाहिजे. बेळगावात हिवाळी अधिवेशन भरलं की सुवर्णसौध या विधानभवनाच्या परिसरात मानधनासाठी बसलेल्या अंगणवाडी कार्यकर्त्या आपण पाहिल्या आहेत. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागलं. निवडणुकीची कामं, सर्व्हे, मोबाईलमधल्या नोंदी, त्यात नेटवर्क नाही. मग अंगणवाडीच्या बाहेर झाडाखाली उभं राहून हात वर करून सिग्नल शोधायचा. अशा बाईला आणखी एक अहवाल, आणखी एक मीटिंग नको असेल तर तिला दोष देता येणार नाही. मला वाटतं तपासणीतला बोलण्याचा भाग वाढवायचा असेल तर रजिस्टरांचा भाग तेवढाच कमी करावा. तीच माहिती मोबाईलवरही भरायची आणि चार वह्यांतही लिहायची, हे थांबलं तरी दिवसाचा तास वाचेल. तो तास पोरांना मिळेल.

खात्याकडूनही आता हालचाल आहे. २०२४ पासून राज्यात निवडक अंगणवाड्यांना सरकारी माँटेसरीचं रूप देण्याची योजना आली. त्याच सुमारास सरकारी शाळांत एलकेजी-यूकेजी सुरू करण्याला अंगणवाडी कार्यकर्त्यांनी विरोध केला, कारण पोरं तिकडे गेली की अंगणवाडीत उरणार कोण. महिला व बालकल्याण खातं २०२३ साली लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याकडे आलं, आणि त्या बेळगाव ग्रामीणमधून निवडून येतात. त्या मतदारसंघात मराठी आयांची मतं किती महत्त्वाची आहेत हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. माँटेसरी पद्धतीत शिकवणाऱ्याचं पहिलं काम मुलाकडे नीट बघणं हे असतं. तपासणाऱ्यालाही तेच लागू व्हावं, आणि जिथे मुलांची घरची भाषा मराठी आहे तिथे मराठी समजणारी सुपरवायझर नेमावी, किंवा आहे तिला महिन्याभराचं मराठी शिकवावं, ही मागणी त्यांच्याकडे जायला हवी.

मराठी मुलखाला ही दृष्टी परकी नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या डोंगरात वारली मुलांसाठी बालवाडी चालवली. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर, घरापुढच्या अंगणात नेली, आणि महागड्या परदेशी साधनांच्या जागी बिया, शिंपले, पानं, दगड घेतले. खानापूरच्या त्या टीचरनी चिंचोके आणि आठळ्या मांडल्या तेव्हा त्यांना ताराबाईंचं नाव माहीत होतं की नाही मी विचारलं नाही. काम त्याच वाटेचं होतं.

आता खाजगी नर्सरीबद्दल थोडं. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा आहे. तीन ते सहा वयासाठी सोय करणं त्याचं कलम ११ सरकारच्या मर्जीवर ठेवतं. परिणाम असा की भाड्याच्या दोन खोल्यांत, वरच्या मजल्यावर, एका अरुंद जिन्याच्या टोकाला चालणाऱ्या ‘इंग्लिश मीडियम’ नर्सरीत मूल दिवसभर काय करतं हे पाहायला सहसा कोणी जात नाही. तिथल्या ताईचं प्रशिक्षण काय, मुलांना शी-शूला जागा कुठे, आग लागली तर बाहेर कसं पडायचं, कुणी विचारत नाही. तिचा रिमार्क चांगला-वाईट असण्याचा प्रश्नच येत नाही, कारण रिमार्कच नसतो. आणि ज्या अंगणवाडीची दर महिन्याला झडती होते, जी त्यातून चांगली ठरते, तिला आपण कमी समजतो. पालकांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर एका बाजूला टाय, बूट, डायरी आणि रंगीत पत्रक आहे. दुसऱ्या बाजूला काहीच ठेवलेलं नाही. चांगला अहवाल ही अंगणवाडीच्या बाजूची एकमेव सरकारी, सही-शिक्क्याची गोष्ट आहे आणि ती आपण कपाटात ठेवतो.

कन्नड बाजूचे काही मित्र म्हणतील, कर्नाटकात राहून तीन वर्षांपासून मराठीच केलं तर पोरं कन्नड कधी शिकणार? प्रश्न खरा आहे. पोरांना कन्नड आलंच पाहिजे. पोलीस ठाण्यात, तहसीलदार कचेरीत, बाजारात, नोकरीत त्याच्यावाचून अडतं, आणि शेजाऱ्याची भाषा न येणं ही काही मिरवायची गोष्ट नाही. २०१५ च्या कायद्याने पहिलीपासून ती शिकायचीच आहे. पण ज्या मुलाचं घरच्या भाषेत तोंड उघडलं, गोष्ट सांगता आली, भांडता आलं, ते दुसरी भाषाही लवकर उचलतं. जे मूल अंगणवाडीत अनोळखी भाषेपुढे गप्प बसायला शिकलं ते पहिलीत दोन्ही भाषांत गप्प बसतं. आणि हा नियम सगळीकडे सारखा लावावा. जतमध्ये, अक्कलकोटमध्ये कन्नड बोलणारी घरं आहेत, तिथल्या अंगणवाडीत महाराष्ट्राच्या पर्यवेक्षिकेने मुलाला कन्नडमध्ये विचारावं आणि त्याच्या आईला अहवाल कन्नडमध्ये ऐकवावा. आपण इथे जे मागतो ते तिथे द्यायला तयार असू तरच मागण्याला वजन येतं. बेळगाव शहरात आणि हुक्केरी-निपाणीकडे एकाच अंगणवाडीत मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं एकत्र असतात. तिथे अहवाल दोन-तीन भाषांत वाचावा लागेल. दहा मिनिटं जास्त लागतील.

आपल्या बाजूचेही काही जण नाराज होतील. कर्नाटक सरकारच्या अंगणवाडीला चांगलं म्हणायचं म्हणजे सीमाप्रश्न सोडला असं त्यांना वाटेल. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लढणारे लढोत, मी त्यांच्या बरोबर आहे. पण निकाल लागेपर्यंत आज तीन वर्षांचं असलेलं मूल दहावी पास झालेलं असेल. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या, हुतात्मादिनाला एकत्र येणाऱ्या गावांत माणसांची, पैशांची, वेळेची ताकद आहे हे आपण पाहतो. त्यातली थोडी ताकद अंगणवाडीच्या भिंतीपर्यंत पोचली पाहिजे. मराठी साहित्य संमेलनं इथल्या खेड्यापाड्यांत दरवर्षी भरतात, कडोलीला, बेळगुंदीला, उचगावला. ग्रंथदिंडी निघते, मंडप भरतो. त्या मंडपात पुढच्या काही वर्षांनी वाचणारे कोण बसणार हे त्याच गावच्या अंगणवाडीत आज किती पोरं मराठीतून गोष्ट सांगतात त्यावर आहे. संमेलनाच्या एका सत्रात गावच्या अंगणवाडी टीचरला व्यासपीठावर बोलावून तिचा चांगला अहवाल वाचायला कुणाची हरकत असेल?

आणि वाईट शेरा आला तर? तोही वाचावा. पण आधी चांगले वाचायची सवय लागू दे. आज टीचरला तपासणी म्हणजे चूक पकडणं एवढंच माहीत आहे, आणि गावाला तेवढंही माहीत नाही. चांगलं काम केल्यावर गावासमोर आपलं नाव घेतलं जातं हे दोन-चार वेळा घडलं की उणीव ऐकायची तयारी दोन्हीकडे होते. मग छताचा, पाण्याचा, कुंपणाचा प्रश्न ग्रामसभेत टीचर एकटीने मांडत नाही, आया मांडतात, कारण त्यांनी तो अहवालात ऐकलेला असतो.

प्रत्येक अंगणवाडीला बालविकास समिती असते, त्यात आया असतात, ग्रामपंचायतीचा सदस्य असतो. तपासणी झाली की आठ दिवसांत या समितीने आयांना बोलवावं. दिवस शेतीच्या कामाचे असतील तर रात्री जेवणं झाल्यावर, देवळाच्या सभामंडपात. शेरा आधी कन्नडमध्ये जसा आहे तसा वाचावा, मग मराठीत सांगावा. कन्नड वाचणारं कॉलेजचं पोर आता प्रत्येक गल्लीत आहे. मराठी प्रत अंगणवाडीच्या दारावर लावावी, दुसरी प्रत मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यावी, म्हणजे पहिलीत येणारं मूल कुठून काय शिकून येतंय ते त्यांना कळेल. एक प्रत गावच्या वार्ताहराला द्यावी. हे सगळं दिवाळीच्या आधी व्हावं, कारण दिवाळी संपली की खाजगी शाळांची माणसं प्रवेशाची पत्रकं घेऊन घरोघरी फिरू लागतात.